अथीनाचा ऑलिव्ह वृक्ष

ग्रीसमधील अथेन्स नगरीच्या ॲक्रॉपलिस टेकडीवर प्राचीन काळी जतन केलेला आणि नगरदेवता अथीना हिनेच निर्माण केला अशी श्रद्धा असलेला पवित्र वृक्ष. ॲटिका प्रदेशातील सर्व ऑलिव्ह वृक्षांचा हा मूळपुरुष मानला जाई. इ. स. पू. पाचव्या शतकातील इतिहासकार हीरॉडोटसपासून इ. स. दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पॉसेनिअसपर्यंत सु. सहा शतके त्याचे उल्लेख सापडतात. मूळ वृक्ष आज अस्तित्वात नाही. तथापि त्याच्याभोवती गुंफलेल्या आख्यायिका, त्याच्या संततीच्या रक्षणासाठी केलेले कायदे आणि त्या कायद्यांखाली झालेले खटले ह्यांची माहिती बऱ्याच प्रमाणात टिकून आहे. एखाद्या नगरराज्याने आपले भवितव्य एका झाडाशी किती घट्ट बांधून घेतले होते, हे त्यांवरून कळते.

ॲक्रॉपलिस ही समुद्रसपाटीपासून सु. १५० मी. उंचीची चुनखडकाची टेकडी. तिच्या उत्तर कडेला एरेक्थीअम हे मंदिर असून त्याचे बांधकाम इ. स. पू. ४२१ ते ४०६ ह्या काळातील मानतात. मंदिराच्या पश्चिम भिंतीला लागून पॅन्ड्रोसस ह्या राजकन्येचे उघडे आवार होते. पवित्र ऑलिव्ह ह्या आवारात उभा असे आणि त्याच्या छायेत झ्यूस हर्कीअस, म्हणजे घराच्या अंगणाचे रक्षण करणारा झ्यूस, ह्याची वेदी होती. झाड डेरेदार नसावे. कारण प्राचीन कोशकारांनी त्याला दिलेल्या एका नावाचा अर्थ ‘पूर्ण वाकलेला’ असा होतो. ॲक्रॉपलिसवर कुत्र्याला येऊ देत नसत. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस एक कुत्री मंदिरात शिरली आणि तेथून ह्या आवारात उतरून ऑलिव्हखालच्या वेदीवर चढून बसली. ही घटना शकुन समजून तिची चर्चा झाली आणि अथेन्सचा इतिहास लिहिणाऱ्या फिलोकोरसने ती नोंदवून ठेवली. ह्या क्षुल्लक नोंदीमुळेच झाड व वेदी ह्यांचे नेमके स्थान निश्चित करता येते.

वृक्षाच्या उत्पत्तीची कथा पुढीलप्रमाणे सांगितली जाते : कीक्रॉप्स हा ॲटिकाचा पहिला राजा असताना देवांनी आपापली नगरे निवडण्यास प्रारंभ केला. समुद्रदेव पोसायडन प्रथम आला. त्याने ॲक्रॉपलिसच्या खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा उत्पन्न केला. नंतर आलेल्या अथीनाने कीक्रॉप्सला साक्षी ठेवून ऑलिव्हचे रोप लावले. वाद बारा देवांपुढे गेला. कीक्रॉप्सच्या साक्षीवरून निकाल अथीनाच्या बाजूने लागला आणि नगरीला तिचे नाव मिळाले. संतप्त पोसायडनने भोवतालचा सखल प्रदेश पाण्याखाली बुडविला. ह्या कथेची साक्ष म्हणून अथेन्सचे नागरिक दोन वस्तू दाखवीत : एक, हा वृक्ष आणि दुसरी, एरेक्थीअममधील खाऱ्या पाण्याची विहीर. दक्षिणेचा वारा सुटला की ह्या विहिरीतून लाटांचा आवाज ऐकू येतो, असे पॉसेनिअसने लिहिले आहे. पराभूत देवालाही त्याच मंदिरात स्थान देण्यात आले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. अथेन्सचे सामर्थ्य जितके जमिनीवर तितकेच समुद्रावर अवलंबून होते आणि पोसायडनला दूर लोटणे त्या नगराला परवडणारे नव्हते. पार्थेनॉन मंदिराच्या पश्चिमेकडील त्रिकोणी शिल्पपट्टात ही स्पर्धा कोरलेली होती. १६८७ मधील स्फोटात मंदिराची मोठी हानी झाली. त्यापूर्वी, १६७४ मध्ये काढलेल्या रेखाचित्रांमुळे त्या शिल्पांची बरीचशी कल्पना येते.

ह्याच कथेचे एक वेगळे रूप रोमन पंडित व्हॅरो (इ. स. पू. ११६–२७) ह्याने दिले असून संत ऑगस्टीनच्या ग्रंथामुळे ते आज उपलब्ध आहे. त्यानुसार निवाडा देवांनी नव्हे, तर नागरिकांनी मतदानाने केला. त्या काळी स्त्रियांनाही मताधिकार होता. पुरुषांनी पोसायडनला व स्त्रियांनी अथीनाला मते दिली आणि स्त्रियांची संख्या एकाने अधिक असल्याने अथीना विजयी झाली. पोसायडनचा कोप शमविण्यासाठी पुरुषांनी स्त्रियांना तीन शिक्षा दिल्या : यापुढे त्यांना मत असणार नाही, मुलांना आईचे नाव लावले जाणार नाही आणि त्यांना कोणी ‘अथेन्सच्या नागरिक’ म्हणणार नाही. नगरीला देवता, वृक्ष आणि नाव ज्यांच्या मतांमुळे मिळाले, त्यांचेच नागरिकत्व त्या मतांपायी गेले, असे ही कथा सांगते. अभिजात काळातील ग्रीक साहित्यात हे रूप आढळत नाही, तेव्हा ते कितपत जुने आहे याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु अथेन्सच्या लोकशाहीत स्त्रीला राजकीय हक्क का नव्हते, ह्या अवघड प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ते रचले गेले, हे उघड दिसते. ग्रीसमध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

जगातील पहिला ऑलिव्ह अथेन्समध्ये उगवला हा दावा अर्थातच ऐतिहासिक नाही. एके काळी अथेन्सखेरीज कोठेही ऑलिव्ह नव्हता, असे लोक म्हणतात, हे हीरॉडोटसने सांगितले आहे. एपिडॉरसच्या रहिवाशांनी देवमूर्तींसाठी अथेन्सकडे ऑलिव्हचे लाकूड मागितले आणि त्याच्या मोबदल्यात दरवर्षी नैवेद्य पाठविण्याचे मान्य केले, ही कथा त्याने त्याच संदर्भात दिली आहे. प्रत्यक्षात ऑलिव्हची लागवड प्रथम भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रदेशात झाली. अथेन्स वैभवाला पोहोचण्यापूर्वी कित्येक शतके, क्रीटमधील नॉसस व ग्रीसमधील पायलॉस येथील राजवाड्यांत ऑलिव्ह तेलाच्या हिशेबाच्या मृत्तिका-वटिका लिहिल्या जात होत्या. तथापि ॲटिकाची जमीन पातळ व खडकाळ, पाऊस बेताचा आणि धान्य नेहमीच अपुरे. अशा भूमीत पिकणारे आणि परदेशी विकून धान्य आणता येईल असे पीक म्हणजे ऑलिव्ह. प्लुटार्कने दिलेल्या माहितीप्रमाणे सोलनने (इ. स. पू. सहाव्या शतकाचा प्रारंभ) शेतमालापैकी केवळ तेलाच्या निर्यातीला मुभा दिली होती. शेजाऱ्याच्या बांधापासून इतर झाडे पाच पावलांवर लावली तरी चालत. पण ऑलिव्ह व अंजीर ह्यांसाठी नऊ पावलांचे अंतर राखावे लागे, कारण त्यांची मुळे दूरवर पसरतात. देवीची देणगी म्हणून जे झाड पूजिले जाई, त्याच्यावर नगराचे पोट चालत होते.

अथेन्सच्या वेशीबाहेर ॲकॅडेमी नावाची राई होती. ॲक्रॉपलिसवरील वृक्षाच्या फांद्यांपासून तेथे बारा ऑलिव्ह लावण्यात आले, अशी परंपरा होती. पुढे प्लेटोने आपली विद्यापीठवजा संस्था ह्याच परिसरात स्थापिली. ह्या बारा झाडांना आणि ॲटिकामधील शेतांत विखुरलेल्या त्यांच्या संततीला ‘मोरिआ’ म्हणत. ह्या शब्दाची दोन स्पष्टीकरणे प्राचीनांनी दिली आहेत. मूळ झाडाचा ‘अंश’ म्हणजे मोरिआ, हे त्यांपैकी एक. दुसरे एका आख्यायिकेवर आधारलेले आहे. पोसायडनचा मुलगा हॅलिर्‍होथिअस बापाच्या पराभवाचा सूड घेण्यासाठी पवित्र ऑलिव्ह तोडण्यास गेला. परंतु कुऱ्हाड उलटून त्याच्यावरच बसली व तो मरण पावला. त्याच्या ‘मरणा’वरून झाडांना हे नाव पडले, असे म्हणतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पहिले स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे; लोकमानसात मात्र दुसऱ्याचा प्रभाव अधिक असावा, कारण कायद्यानेही त्या उलटलेल्या कुऱ्हाडीचेच अनुकरण केले होते.

मोरिआ झाडे खाजगी जमिनीत असली तरी त्यांची मालकी राज्याकडे असे. ॲरिस्टॉटलच्या संप्रदायात लिहिल्या गेलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात ह्या व्यवस्थेचा तपशील आहे. (हा ग्रंथ ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.) पूर्वी ह्या झाडांची फळे राज्य विकत असे आणि मोरिआ खणून काढणाऱ्यास किंवा तोडणाऱ्यास ॲरीऑपेगस ह्या पुरातन न्यायसभेपुढे उभे करून, दोष शाबीत झाल्यास देहान्त शासन देत. पुढे पद्धत बदलली. प्रत्येक मोरिआमागे दीड कोटिली, म्हणजे सु. ०·४ लिटर तेल जमीनमालकाकडून घेण्यात येऊ लागले आणि ही आकारणी झाडांवर न होता जमिनीवर होऊ लागली. कायदा पुस्तकात राहिला. खटले मात्र बंद पडले, असे ग्रंथकार म्हणतो. तेल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला सर्व तेल ॲक्रॉपलिसवरील खजिनदारांच्या हवाली केल्याशिवाय ॲरीऑपेगसमध्ये आपली जागा घेता येत नसे. खाजगी ऑलिव्हही पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. देवळासाठी किंवा अंत्यविधीसाठी आवश्यक नसल्यास वर्षाला दोनांपेक्षा अधिक झाडे खणण्यास मनाई होती आणि दंड झाडामागे शंभर द्राख्मा होता.

ह्या कायद्याचा सामान्य माणसाला कसा जाच होई, हे लिसिअस ह्या वक्त्याने एका आरोपीसाठी लिहिलेल्या भाषणावरून कळते. खटला इ. स. पू. ३९७ नंतर लवकरच झाला. आरोपी सुखवस्तू जमीनदार असून त्याचे नाव भाषणात आलेले नाही. पेलोपनीशियन युद्धानंतर (इ. स. पू. ४३१–४०४) त्याने एक शेत विकत घेतले होते. त्या शेताचे मालक वारंवार बदलले होते. मधल्या काळात राज्याने ते जप्तही केले होते. फिर्यादीने प्रथम त्याच्यावर मोरिआ तोडल्याचा आरोप ठेवला. पण तेल गोळा करणाऱ्या ठेकेदारांच्या नोंदींत तेथे अशा झाडाचा मागमूस लागेना, तेव्हा त्याने पवित्र झाडाचे कुंपण घातलेले खोड उपटल्याचा आरोप केला. मेलेल्या खोडालाही संरक्षण होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण त्यातून पुन्हा अंकुर फुटण्याची आशा असे. आरोपीचे म्हणणे साधे आहे. शेताच्या भोवती रस्ते, दोन्ही बाजूंना शेजारी, शेताला कुंपण नाही. अशा जागी खोड उपटून बैलगाडीवर भर दिवसा नेण्याचा मूर्खपणा कोण करील? न्यायसभा दरमहा पाहणी करते, दरवर्षी निरीक्षक पाठविते; त्यांनी कधी दंड केला नाही. आपल्या दुसऱ्या जमिनींत मोरिआ पुष्कळ असून त्या आपण नेहमीच जपल्या आहेत. दोषी ठरल्यास देश व घरदार दोन्हींस मुकावे लागेल, हे तो न्यायाधीशांना पुनःपुन्हा सांगतो. निकाल उपलब्ध नाही. युद्धात ॲटिकाची किती हानी झाली होती याचे चित्र मात्र ह्या भाषणात आपोआप उमटले आहे : ज्या भागात पूर्वी खाजगी आणि पवित्र ऑलिव्हची दाट राने होती, तेथे आता बहुतेक झाडे तुटून जमीन उघडी पडली आहे, असे आरोपी म्हणतो. अशा परिस्थितीत एका खोडासाठी हद्दपारीची मागणी होते, ह्यात धर्मश्रद्धा किती आणि द्वेष किती, हे सांगणे कठीण आहे.

पवित्र झाडांचे तेल पॅनाथिनीआ ह्या अथीनाच्या महोत्सवात बक्षीस म्हणून वाटीत. दर चार वर्षांनी होणाऱ्या ह्या उत्सवातील विजेत्यांना सु. ३९ लिटर तेल मावणारे रंगीत कुंभ मिळत. कुंभाच्या एका बाजूवर शस्त्रधारी अथीना व दुसऱ्या बाजूवर ज्या खेळासाठी बक्षीस दिले त्याचे चित्र असे. इ. स. पू. चौथ्या शतकातील एका शिलालेखात बक्षिसांची यादी आहे : मुलांच्या धावण्याच्या शर्यतीतील पहिल्याला ५० कुंभ, तर पूर्ण वाढीच्या दोन घोड्यांच्या रथाच्या शर्यतीतील पहिल्याला १४० कुंभ. एवढे तेल घरात वापरून संपणे शक्य नव्हते. ते विकले जाई. उत्सवाच्या मिरवणुकीत ऑलिव्हच्या डहाळ्या हाती घेऊन चालण्यासाठी देखणे वृद्ध निवडीत. मुलगा जन्मला की घराच्या दारावर ऑलिव्हची माळ लावीत, मुलगी झाल्यास लोकर. सैनिकी शिक्षण घेणारे तरुण ज्या शपथेने बांधले जात, तिच्या साक्षीदारांत देवांच्या जोडीला गहू, जव, द्राक्षवेल, अंजीर आणि ऑलिव्ह हेही असत. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर घुबडाच्या मागे ऑलिव्हची डहाळी दिसते. २००२ मध्ये चलनात आलेल्या ग्रीसच्या एक यूरोच्या नाण्यावर त्याच जुन्या नाण्याची प्रतिकृती आहे.

वृक्षाविषयीच्या सर्व आख्यायिकांमध्ये अधिक प्रसिद्ध आहे ती त्याच्या पुनरुज्जीवनाची. इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीझ ह्याने अथेन्स जिंकले. बहुसंख्य नागरिक आधीच नगर सोडून गेले होते. ॲक्रॉपलिसवरील मोजके रक्षक मारले गेले आणि मंदिरांना आग लावण्यात आली. तीत पवित्र ऑलिव्हही जळाला. दुसऱ्या दिवशी सम्राटाने आपल्या लष्कराबरोबर आलेल्या हद्दपार अथेन्सवासीयांना ॲक्रॉपलिसवर जाऊन आपल्या पद्धतीने यज्ञ करण्यास सांगितले. ते वर गेले, तेव्हा जळक्या बुंध्यातून एक हात लांबीचा अंकुर फुटलेला त्यांना दिसला. हीरॉडोटसने ही हकिकत दिली असून तिच्यानंतर त्याच्या ग्रंथात सॅलॅमिसच्या आरमारी लढाईचे वर्णन येते. त्या लढाईत ग्रीकांचा विजय झाला. पॉसेनिअसच्या काळापर्यंत हाच अंकुर दोन हात लांब झाला आणि तोही आग लागली त्याच दिवशी! सहा शतकांत कथेची वाढ एका हाताने झाली, हे दंतकथांच्या मानाने फार नाही.

चमत्काराचे साक्षीदार कोण, ह्याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. अंकुर पाहिला तो शत्रूच्या छावणीतून आलेल्या अथेन्सवासीयांनी. नगराचे रक्षण करणाऱ्यांपैकी तेथे कोणी उरले नव्हते. शत्रूला मिळालेल्यांच्या तोंडूनच नगर पुन्हा उभे राहील असे वदवून घेण्यात कथेचे सामर्थ्य आहे. ती युद्धानंतर लवकर प्रचारात आली असावी. तेव्हा अथेन्सचे नागरिक भस्मसात झालेल्या घरांकडे परतत होते आणि जळलेल्या मंदिरांचे दगड तटबंदीत बसवीत होते. त्या दगडी स्तंभांचे तुकडे ॲक्रॉपलिसच्या उत्तर तटात आजही दिसतात.

कथेला वनस्पतिविज्ञानाचाही आधार आहे. ऑलिव्हच्या बुंध्याशी व मुळांच्या वरच्या भागात फुगीर गाठी असतात. त्यांत अन्नाचा साठा व सुप्त कळ्या असल्यामुळे खोड जळाले किंवा तोडले तरी जमिनीलगतच्या भागातून नवे धुमारे फुटतात. एका रात्रीत हातभर अंकुर येणे अशक्य आहे. पण काही आठवड्यांत किंवा पुढच्या हंगामात जळक्या बुंध्यातून हिरवे कोंब निघणे ही भूमध्य प्रदेशातील शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची गोष्ट होय. सॉफोक्लीझच्या इ. स. पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या शेवटच्या नाटकातही ऑलिव्हच्या ह्या आपणहून उगवण्याच्या गुणाचा गौरव आहे. स्पार्टाच्या सैन्याने पेलोपनीशियन युद्धात ॲटिका वारंवार उद्‌ध्वस्त केली. परंतु राजा आर्चिडेमसने शापाच्या भयाने मोरिआ झाडांना हात लावला नाही, असे त्या नाटकाच्या प्राचीन टीकाकारांनी म्हटले आहे. ऑलिव्हची हजारो झाडे कुऱ्हाडीने कायमची नष्ट करणे मुळातच अत्यंत कष्टाचे काम असते, ह्या वस्तुस्थितीकडेही काही आधुनिक इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे. रोमन सेनापती सला ह्याला असे भय नव्हते, इ. स. पू. ८६ मध्ये अथेन्सला वेढा घालताना त्याने युद्धयंत्रांच्या लाकडासाठी ॲकॅडेमीची राई तोडली.

ह्याच गुणामुळे प्राचीन ऑलिव्हचे वय ठरविणे अवघड जाते. जुन्या झाडाचा गाभा कुजून पोकळ होतो, वाढीची वर्तुळे मोजण्यास आतले लाकूड शिल्लक राहत नाही आणि जी वर्तुळे दिसतात तीही स्पष्ट नसतात. क्रीटमधील व्हूव्हेस ह्या गावचा सु. साडेबारा मीटर घेराचा ऑलिव्ह दोन हजार वर्षांहून जुना असावा, असे मानतात. त्याहून मोठे आकडे सांगितले जातात, पण त्यांना पुरेसा आधार नाही. त्या झाडाला अद्यापि फळे येतात. ॲक्रॉपलिसवरील वृक्षाबाबतही ‘तोच वृक्ष’ ह्याचा अर्थ तेच खोड असा प्राचीनांनी धरलेला नव्हता. त्यांच्या लेखी एकाच मुळातून किंवा फांदीतून आलेला प्रत्येक बुंधा म्हणजे अथीनाने लावलेलेच झाड होते. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी स्पर्धेच्या वेळचा वृक्ष अजून जिवंत असल्याचे सांगतात, असे लिहितो, ते ह्याच अर्थाने घ्यावयास हवे.

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर वृक्षाचे उल्लेख थांबतात. एरेक्थीअमचे प्रथम चर्चमध्ये व तुर्की अमदानीत जनानखान्यात रूपांतर झाले. आज मंदिराच्या पश्चिम भिंतीशी जो ऑलिव्ह दिसतो, तो विसाव्या शतकात लावलेला आहे. मूळ झाडाची एक डहाळी कोणीतरी जपून ठेवली आणि तिच्यापासून हे झाड वाढले, ही कथा त्याच्याबाबतही प्रवाशांना सांगितली जाते. प्राचीन ॲकॅडेमीच्या दिशेला, एल्युसिसकडे जाणाऱ्या पवित्र मार्गावर ‘प्लेटोचा ऑलिव्ह’ म्हणून ओळखले जाणारे एक प्रचंड पोकळ झाड विसाव्या शतकापर्यंत उभे होते. बारा मोरिआंपैकी ते एक, अशी लोकांची समजूत होती. १९७६ मध्ये एका बसच्या धडकेने ते उन्मळून पडले. त्याचा बुंधा त्याच मार्गावरील अथेन्सच्या कृषी विद्यापीठात ठेवला आहे.